‘लोटस’ : पाहुणे तेच, कारागीर नवा

लंडनची रॅपर लिटल सिम्झ हिच्या ‘लोटस’ या अल्बमचा विषय निघाला की लोक आधी भांडणावर येतात. लहानपणापासूनचा मित्र आणि तीन अल्बमांचा निर्माता इन्फ्लो याच्याशी तिचं फाटलं. कर्जाची रक्कम परत केली नाही म्हणून तिने त्याच्यावर दावा लावल्याची आणि ती रक्कम सुमारे १७ लाख पौंड असल्याची बातमी २०२५च्या सुरुवातीला बाहेर आली. कोर्टाचं कोर्ट बघून घेईल. ऐकणाऱ्याला प्रश्न वेगळा पडतो: निर्माता गेला तेव्हा त्याच्याबरोबर काय काय गेलं, आणि त्या जागी काय आलं?

हे मोजायची सोय सिम्झने अल्बममध्येच करून ठेवली आहे. मायकल किवानुका, युकिमी आणि ओबोंगजयार हे तिघे पाहुणे गायक इन्फ्लोच्या काळातल्या अल्बमांतही आहेत आणि ‘लोटस’वरही. म्हणजे रॅपर तीच, गाणारे गळे तेच, बदलला तो फक्त मागचा कारागीर. आता ती जागा माइल्स क्लिंटन जेम्सकडे आहे. जोड्या लावून ऐकल्या की फरक कानाला आपोआप कळतो.

आधी थोडा हिशेब. २०१५चा ‘अ क्युरियस टेल ऑफ ट्रायल्स प्लस पर्सन्स’ आणि २०१६चा ‘स्टिलनेस इन वंडरलँड’ हे तिने स्वतःच्या एज १०१ या लेबलवर काढले. दोन्हींत शब्द पक्के आहेत, मागचं संगीत मात्र कुठे घट्ट, कुठे ढिलं. नव्या श्रोत्याने ते शेवटी ऐकावेत. खरी ओळख झाली ती मार्च २०१९च्या ‘ग्रे एरिया’ने. १० गाणी, ३५ मिनिटं, एकही गाणं फुकट नाही. मग सप्टेंबर २०२१मध्ये ‘समटाइम्स आय माइट बी इंट्रोव्हर्ट’ आला. १९ ट्रॅक, तासापेक्षा जास्त लांबी, वाद्यवृंद, मधेमधे निवेदन, आणि वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणारं २०२२चं मर्क्युरी पारितोषिक. डिसेंबर २०२२मध्ये फारसा गाजावाजा न करता ‘नो थँक यू’ आला. २०२४चा ‘ड्रॉप ७’ म्हणजे पंधराएक मिनिटांचा इलेक्ट्रॉनिक प्रयोग; एकदा ऐकावा आणि पुढे जावं. ‘लोटस’ ६ जून २०२५चा, १३ गाण्यांचा.

पहिली जोडी किवानुकाची. ‘ग्रे एरिया’चं शेवटचं गाणं ‘फ्लॉवर्स’. तरुणपणी गेलेल्या कलावंतांच्या आठवणीत सिम्झ स्वतःच्या महत्त्वाकांक्षेची भीती बोलून दाखवते आणि किवानुका ध्रुवपद धरतो. इन्फ्लोची पद्धत इथे उघडी दिसते. ढोल कोरडे, जवळून टिपलेले, खोलीची गुंज जवळपास नाही, आणि बेस जाड. त्यामुळे किवानुकाचा खरखरीत आवाज धुरातून आल्यासारखा मागे राहतो आणि सिम्झ अगदी कानाशी येते. ‘लोटस’च्या शीर्षकगीतात तोच गळा आहे, पण शेजारी यूसेफ डेझचे ड्रम्स. डेझ हा लंडनच्या जॅझमधला माणूस. तो ठेका धरून बसत नाही, सतत बोलत राहतो. स्नेअर ड्रमवरचे बारीक, हलके मार ऐकायला येतात, झांजा दोन्ही बाजूंना पसरतात, आणि सहा मिनिटांहून लांब गाण्यात ढोल हळूहळू साथीदाराचा प्रतिस्पर्धी होतो. इन्फ्लोने या ड्रमरच्या वादनातला छोटा तुकडा कापून तोच पुन्हा पुन्हा फिरवला असता असं आमचं मत. जेम्सने त्याला पूर्ण वाजू दिलं. फायदा उघड आहे: गाणं श्वास घेतं. तोटाही आहे. सिम्झ ज्या जागी शब्दावर वजन देते तिथेच ड्रम्सचीही गडबड असते, आणि दोन-तीन ठिकाणी ओळ हातातून निसटते. हे गाणं हेडफोनवर ऐकाल तर शब्द सापडतील. गाडीत फक्त ड्रम्स सापडतील.

युकिमीची जोडी लवकर उरकते. तिच्या लिटल ड्रॅगन या बँडबरोबरचं ‘ग्रे एरिया’तलं ‘प्रेशर’ पियानोवर उभं आहे आणि ध्रुवपद येईपर्यंत ताण धरून ठेवतं. ‘लोटस’वरचं ‘इनफ’ सरळ डिस्को-फंकच्या अंगाने जातं, नाचायला बरं आहे, पण युकिमीला तिथे करण्यासारखं फारसं नाही. ‘प्रेशर’ सरस, त्यात वाद नको.

ओबोंगजयारकडे मात्र थांबायला हवं. २०२१च्या अल्बममधलं ‘पॉइंट अँड किल’ हे आफ्रोबीट या नायजेरियन तालसंगीताच्या घराण्यातलं: बेसची एकच ओळ फिरत राहते, वर ब्रास, आणि दोघे आळीपाळीने बोलतात. नायजेरियन आईवडिलांची लंडनमध्ये वाढलेली मुलगी घरच्या तालाकडे वळते तेव्हा उच्चारही बदलतात, ते ऐकण्यासारखं आहे. ‘लोटस’वर त्या वाटेवरची दोन गाणी आहेत. ‘लायन’ जुन्या गाण्याचं सख्खं भावंड, आणि ‘फ्लड’, ज्यात दक्षिण आफ्रिकेची मूनचाइल्ड सॅनेलीही आहे.

गोव्यातल्या श्रोत्याला हा ताल समजावून सांगावा लागत नाही. चवथीच्या घुमट आरतीत मातीचं घुमट, ढोलासारखं शामेळ आणि कांसाळें (झांज) यांची कामं ठरलेली असतात. कुणी दुसऱ्याच्या जागेत घुसत नाही आणि म्हणूनच लय वाढवता येते. आफ्रोबीटचंही तसंच. प्रत्येक वाद्याची एक छोटी, न बदलणारी आकृती, आणि त्या एकमेकींत अडकवून मोठा ठेका. ‘लायन’मध्ये हे नीट जमलंय. गिटार कांसाळ्यासारखी वरचा कप्पा सांभाळते, बेस खाली, आणि मधली जागा दोन आवाजांसाठी मोकळी. ‘फ्लड’मध्ये उलट. तिथे मोठे, खोल ढोल अंगावर येतात आणि सिम्झ आवाज चढवायचा सोडून खाली उतरवते, जवळजवळ कुजबुजीपर्यंत. वाद्यांचा एवढा गदारोळ असताना रॅपरने हळू बोलायचं हे धाडस आहे, कारण मिक्सिंगमध्ये आवाज थोडा जरी मागे पडला असता तरी गाणं गेलंच होतं. इथे तिचा आवाज कोरडा आणि पुढे ठेवलाय, प्रतिध्वनी नाही, म्हणून तो ढोलांच्या वर तरंगतो. पूर्ण अल्बममधलं सर्वांत नेमकं काम हेच. ‘पॉइंट अँड किल’पेक्षा ‘फ्लड’ वरचढ, ‘लायन’ बरोबरीचं.

आता जे पाहुणे नाहीत त्यांच्याबद्दल. इन्फ्लोच्या सॉल्ट या समूहातली क्लिओ सोल ‘सेल्फिश’ आणि ‘वुमन’मध्ये गायली होती. त्या मऊ ध्रुवपदांमुळे सिम्झची धार आणखी टोकदार वाटायची. ‘लोटस’मध्ये तो मऊपणा वेगवेगळ्या पाहुण्यांत वाटला गेलाय, आणि त्यामुळे अल्बमला एकसंध रंग येत नाही. ‘पीस’मध्ये मोझेस सम्नी आणि मिराआ मे, शेवटच्या ‘ब्लू’मध्ये साम्फा. दोन्ही गाणी सुंदर आहेत, पण घर वेगळं. ‘यंग’ तर तिसऱ्याच गल्लीत: पंकछाप बेस, उडाणटप्पू तरुणीचं सोंग, मुद्दाम बदललेला लंडनी उच्चार. एकदा हसू येतं. पुन्हा पुन्हा ऐकताना आम्ही ते पुढे सरकवतो.

लेखणीचं काय? ‘ग्रे एरिया’त ती भांडायला आलेली होती. ‘ऑफेन्स’ आणि ‘बॉस’ ऐका. ‘बॉस’मध्ये तिचा आवाज भोंग्यातून आल्यासारखा मुद्दाम फाटलेला ठेवलाय. ‘व्हेनम’मध्ये ती श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही, ओळीच्या शेवटी यमक जुळतंच, पण ओळीच्या पोटातही दोन-तीन यमकं दडलेली असतात. ‘इंट्रोव्हर्ट’च्या वेळी तिने बाहेरचं जग आणि घर दोन्ही मांडलं: सैनिकी ढोल आणि ब्रासने सुरू होणारं पहिलं गाणं एका बाजूला, वडिलांना उद्देशून असलेलं ‘आय लव्ह यू, आय हेट यू’ दुसऱ्या बाजूला. ‘नो थँक यू’ हा संगीतधंद्यावरचा राग. पहिलंच गाणं ‘एंजल’ त्या सुरात, आणि ‘ब्रोकन’ सात मिनिटांहून लांब, कोरससकट. तिथे खरी अडचण होती. शब्द संपल्यावरही तंतुवाद्यं आणि कोरस वाजतच राहतात. एक-दोन गाण्यांत ते शोभतं, दहापैकी निम्म्यांत नाही.

‘लोटस’मध्ये ती कमी शब्दांत बोलते. सलामीचं ‘थीफ’ कुणावर आहे हे ती नाव घेऊन सांगत नाही, पण आयुष्यभर ओळखत असलेल्या माणसाने केलेल्या विश्वासघाताबद्दल आहे, त्यामुळे अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही. राग जुनाच, पण मांडणी संथ. ठेक्याच्या किंचित मागे राहून ती शब्द टाकते, आणि प्रत्येक ओळीनंतर जी पोकळी उरते ती वाद्यं भरत नाहीत. ‘लोन्ली’मध्ये हा अल्बम करतानाचे फसलेले प्रयत्न आणि स्वतःच्या लिखाणावरचा उडालेला विश्वास ती सरळ सांगते. कौशल्य दाखवायचा मोह तिथे नाही, आणि म्हणूनच ते लक्षात राहतं.

पण अल्बमचं हृदय ‘ब्लड’. सिम्झ बहीण, रॅपर रेच ३२ भाऊ, आणि गाणं म्हणजे दोघांचा फोन. नुसता संवाद लिहिणं सोपं. इथे दोघे ठेका न सोडता भांडतात. एकाची ओळ पूर्ण व्हायच्या आत दुसरा तोंड घालतो आणि तरी सम चुकत नाही. दोघांच्याही तक्रारी खऱ्या वाटतात. कुटुंबात कोण किती वेळ देतं, कुणी काय गिळून घेतलं, असल्या गोष्टी. अशी घडण तिच्या आधीच्या कुठल्याही अल्बममध्ये नाही. निवेदनांचा आणि उपदेशांचा जो सोस २०२१मध्ये होता, त्यावर हे चांगलं उत्तर आहे.

म्हणून आमचा क्रम: ‘ग्रे एरिया’ पहिला, ‘लोटस’ दुसरा, ‘इंट्रोव्हर्ट’ तिसरा, ‘नो थँक यू’ चौथा. पारितोषिकवाला तिसरा कसा, असं विचारणारे आहेत. त्यातली परीकथेच्या सुरातली निवेदनं एमा कॉरिनने छान वाचली आहेत, पण दुसऱ्या ऐकण्यापासून ती वाटेत येतात. ती वगळून वेगळी यादी करा. उरलेला अल्बम ‘लोटस’ला टक्कर देईल.

ऐकण्याबद्दल. तुलना करायची असेल तर ॲपमधली आवाज समान पातळीवर आणायची सोय चालू ठेवा. नाहीतर जो अल्बम मोठ्याने मास्टर केलेला असतो तोच चांगला वाटतो, कानाची ही जुनी खोड आहे. मात्र ‘लोटस’ सलग ऐकताना तो अल्बम म्हणूनच लावा. वेगवेगळ्या अल्बमांची गाणी एका यादीत टाकली तर ॲप प्रत्येक गाणं वेगळं मोजतं, आणि ‘पीस’सारखं हळू गाणं ‘फ्लड’इतकंच मोठं होऊन बसतं. एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळवणारी सोय (क्रॉसफेड) शून्यावर ठेवा. शफल बंद.

फोनच्या स्पीकरवर ‘फ्लड’ लावून ‘यात काय एवढं’ म्हणू नका. फोनला साधारण २०० हर्ट्झच्या खालचं धड वाजवता येत नाही, आणि या गाण्याचा जीव त्याच्या खाली आहे. छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर आवाज पूर्ण वर नेऊ नका. स्वतःला वाचवण्यासाठी तो आधी बेसच कापतो. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) उघड्यावर ठेवलात तर बेस बाहेर निघून जातो, आत खोलीच्या कोपऱ्यात ठेवलात तर घुमतो. भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. आमच्या जुन्या घरांत गुळगुळीत फरशी आणि चुन्याच्या भिंती असतात, तिथे सिम्झची व्यंजनं एकमेकांत मिसळतात. समोर एक गोधडी टाकली तरी फरक पडतो. आणि बेस वाढवायचं बटण सोडून द्या. ‘ग्रे एरिया’चा बेस आधीच फाटका ठेवलेला आहे, त्यावर आणखी चढवला की फोंडा-पणजी बसच्या मागच्या सीटवरचा आवाज येतो.

पावसाळ्यात पत्र्याखाली राहणाऱ्यांनी ‘हॉलो’, ‘पीस’ आणि ‘ब्लू’ हेडफोनसाठी राखून ठेवावीत. पहिल्यात तंतुवाद्यांवर नुसतं बोलणं आहे, ढोल नाहीत, आणि जूनच्या सरीपुढे ते टिकत नाही. ‘फ्लड’, ‘लायन’ आणि ‘इनफ’ पावसाला पुरून उरतात.

लंडनी उच्चार अवघड जात असतील तर पहिल्यांदा गाण्याबरोबर सरकणारे शब्द लावून ऐका, दुसऱ्यांदा न लावता. ‘ब्लड’ला शब्द हवेतच, त्याशिवाय कोण कोणाला काय सुनावतंय ते कळत नाही. घरी मुलं असतील तर शिव्या बऱ्याच आहेत हे लक्षात घ्या. ॲपमध्ये त्यासाठी गाळणी लावलेली असेल तर काही गाणी करडी दिसतील आणि वाजणारच नाहीत. अल्बम अर्धवट आहे अशी तक्रार करण्याआधी ते तपासा.

वेळ एका संध्याकाळचाच असेल तर ‘फ्लॉवर्स’ आणि लगेच ‘लोटस’चं शीर्षकगीत, ‘पॉइंट अँड किल’ आणि लगेच ‘फ्लड’, आणि मग ‘ब्लड’. पाच गाणी, अर्ध्या तासाच्या आत.