सात पोळ्या झाल्या तरी गाणं सुरू होईना: ‘पापा वॉज अ रोलिन स्टोन’, आठ महिन्यांनंतर

मागच्या रविवारी कणीक मळली, रेकॉर्ड लावली, तवा ठेवला. टेम्प्टेशन्स या अमेरिकन गायकगटाची ‘ऑल डायरेक्शन्स’ (1972) आठ महिने आमच्याकडे पोळ्यांचं घड्याळ आहे. पहिल्या बाजूचं हे तिसरं गाणं. शब्द सुरू व्हायच्या आधी जवळपास चार मिनिटं नुसती वाद्यं, तेवढ्यात माझ्या तीन पोळ्या होतात. त्या दिवशी सातवी फुगली तरी गायक तोंड उघडेना.

एक्झॉस्ट बंद केला तेव्हा कळलं, सुई अडकलीय. एलपीचा एक फेरा 1.8 सेकंदांचा, त्यामुळे हाय-हॅट (ड्रमवाल्याची झांज) दर फेऱ्याला ठेचकाळत होती. दुसरं कुठलंही गाणं अडकलं असतं तर शेजाऱ्यांनाही कळलं असतं. इथे बेसचे तेच मोजके सूर, मग पोकळी, परत तेच. बिघाड कुठला आणि चाल कुठली, हे ओळखायला सात पोळ्या गेल्या!

खरं तर या चार मिनिटांवर माझा पहिल्यापासून राग. आठ डॉलर मोजून आणलेल्या तबकडीतल्या पावणेबारा मिनिटांच्या गाण्याचा तिसरा हिस्सा वाट बघण्यात जातो. म्हणून सगळ्यांना सांगायचो, अनडिस्प्यूटेड ट्रूथ या दुसऱ्या गटाचं घ्या. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँगनी लिहिलेलं हेच गाणं या गटाने त्याच वर्षी काही महिने आधी केलं होतं. निर्माता व्हिटफील्डच, पण साडेतीन मिनिटांत काम तमाम. ते पॉप यादीत 63 च्या वर सरकलं नाही. टेम्प्टेशन्सचं जवळपास सात मिनिटांचं सिंगल (एका गाण्याची छोटी तबकडी) मात्र डिसेंबरात पहिल्या नंबरावर. कहर म्हणजे सिंगलच्या मागच्या बाजूला कोणी गातच नाही, आणि त्या बाजूलाही ग्रॅमी!

मत बदललं ते फेब्रुवारीत, बर्फामुळे घरात अडकून सलग ऐकलं तेव्हा. बाप 3 सप्टेंबरला गेलाय. मुलं आईला विचारतायत: लोक म्हणतात त्याने कधी काम केलं नाही, बाहेर दुसरी बायको, तीन मुलं, देवाच्या नावावर चोरी. खरं का? आई ना हो म्हणते ना नाही. टोपी टेकवेल तिथे त्याचं घर, आणि मागे ठेवलं ते एकटेपण, एवढंच सांगते. छोट्या आवृत्तीत प्रश्नाला लगेच उत्तर येतं. इथे डेनिस एडवर्ड्सचा खरखरीत आवाज, मेल्विन फ्रँकलिनचा खर्ज, डेमन हॅरिसची वरची पट्टी, अशी भावंडं आळीपाळीने विचारतात. मधल्या जागेत वॉ-वॉ वॉटसनची गिटार कुरकुरते, पॉल रायझरची व्हायोलिनं येऊन जातात, आणि आई अजून गप्पच. बापाची वाट बघत वाढलेल्या पोरांचं गाणं, आणि मी तक्रार करतोय चार मिनिटांची.

तरी पैसे ते पैसे. ट्रॉयहून पाऊण तास गाडी हाकत डेट्रॉईटला दुकानात गेलो. जुन्या मालाला परतावा नाही, दुकानदाराचं हे एकच वाक्य. मीही हटलो नाही: चांगली वाजते असं लेबल तुम्हीच लावलंत ना? त्याने तबकडी लावली. दोघं काउंटरवर कोपर टेकून उभे. एक गिऱ्हाईक येऊन गेलं तरी त्याची मान डुलतेच आहे. ‘कुठे अडकते?’ म्हणाला. म्हटलं, ‘केव्हाची अडकलीय.’

मग त्याने भिंग काढलं, दातकोरणीने अलगद काहीतरी उचललं आणि बोटावर धरून विचारलं, हे काय? पांढरट, वाळलेलं, मोहरीएवढं.

कणीक. माझ्याच बोटाची.

दोन डॉलरची पुसायची कुंचली घेऊन निमूट परत आलो. बायको म्हणाली, ‘अहो, हात धुवून सुई उचलायचं एवढं काय अवघड आहे?’ आता हात धुण्यात वेळ जातो. गाणं सुरू व्हायच्या आत दोनच पोळ्या होतात.