गेटवरचं चेहरा ओळखणारं यंत्र: मुलुंडच्या एका सोसायटीचा अनुभव

तुमच्या सोसायटीत चेहरा ओळखणारी गेट यंत्रणा घ्यायचं घाटत असेल, तर सही करण्याआधी हे वाचा. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत ती चाचणी म्हणून बसली, पावसाळाभर चालली आणि शेवटी सभासदांनी ती काढायला लावली. पुरवठादाराचं नाव देत नाही, कारण असलं पॅकेज हल्ली बरेच जण विकतात आणि माझी तक्रार एका दुकानापुरती नाही. पाचपैकी दीड तारा देते.

पॅकेज असं होतं: दोन्ही गेटांवर चेहरा वाचणारी स्क्रीन, लॉबीत आणि जिन्यांत कॅमेरे, वॉचमनला टॅब, सभासदांना ॲप. सगळं चित्रण कंपनीच्या क्लाउडवर. चाचणीपुरतं फुकट, पुढे दर फ्लॅटमागे महिन्याचं शुल्क, म्हणजे ते मेंटेनन्समध्येच येणार.

चित्र स्वच्छ येतं, हे मान्य. रात्रीही गाडीचा नंबर वाचता येत होता. एक तारा त्याचा. अर्धा तारा वायरिंग करणाऱ्या मुलांचा, त्यांनी भिंती न फोडता नीट काम केलं.

बाकी यंत्र जुलैच्या पावसात उघडं पडलं. छत्री, रेनकोटची टोपी, ओला चष्मा, डोक्यावरून घेतलेला पदर, काहीही असलं की स्क्रीन लाल. माहितीपत्रकात 99 टक्के अचूकता छापली होती. ती कोणाच्या चेहऱ्यांवर, कुठल्या उजेडात तपासली, याचं उत्तर विक्रेत्याकडे नव्हतं. दिल्ली पोलिसांनी 2018 साली त्यांच्या यंत्रणेची अचूकता 2 टक्के असल्याचं उच्च न्यायालयात सांगितलं होतं. पुढे 2022 मध्ये माहिती अधिकारातून कळलं की 80 टक्के जुळणी झाली की ते ओळख पटली असं धरतात. असले आकडे माहीत असले की माहितीपत्रक वेगळ्या नजरेने वाचता येतं.

पण मला खरा राग आला तो सकाळी सातच्या रांगेचा. सभासदाचा चेहरा जुळला नाही तर वॉचमन ओळखीने गेट उघडायचा. कामाला येणाऱ्या मावशींचा जुळला नाही तर टॅबवरून फ्लॅटला फोन, तिथून होकार, मग आत. तोवर भिजत उभं राहायचं आणि पहिल्या घरी उशीर. त्यांचे चेहरे नोंदवताना कोणी काही समजावलं नाही. आधार कार्ड आणा आणि इथे बघा, एवढंच. पुढे ॲपमध्ये त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा दिसू लागल्या आणि एका घरात त्या वेळा दाखवून पगार कापला गेला. सुरक्षेच्या नावाने आणलेली वस्तू अशी हजेरीपट होऊन बसते. चेहरा पासवर्डसारखा बदलता येत नाही, हे मला या यंत्राबद्दल सगळ्यात गंभीर वाटतं.

आता विरोध कसा केला ते. ‘कॅमेरे नकोत’ असा फलक घेऊन निघालो असतो तर आमच्या बिल्डिंगमध्ये पाच सह्या मिळाल्या नसत्या. इथे सायकली चोरीला गेल्या आहेत, लोकांची भीती खरी आहे. म्हणून आम्ही कागद मागितले. सेक्रेटरींना अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. ठराव कोणत्या सभेत झाला? चित्रण किती दिवस राहतं आणि कोण बघू शकतं? चेहऱ्यांचा साठा कुठे आहे, करार संपल्यावर पुसला जाईल का? चेहरा द्यायचा नसेल त्याने आत कसं यायचं? कॅमेऱ्यांना एसटीक्यूसी, म्हणजे केंद्र सरकारच्या उपकरणं तपासणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र आहे का, हेही विचारलं. एप्रिल 2025 पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हींसाठी सुरक्षेची ती चाचणी सक्तीची झाली आहे.

ठराव निघाला नाही. करारात मात्र एक वाक्य निघालं: ‘सेवा सुधारण्यासाठी’ कंपनी हे चित्रण वापरू शकेल. आम्ही त्या पानाच्या झेरॉक्स काढून घरोघरी दिल्या. जे ज्येष्ठ सभासद तोवर यंत्राच्या बाजूने होते, त्यांनीच पहिल्या सह्या केल्या. नातवंडांचे चेहरे कोणाच्या धंद्यासाठी वापरले जाणार, हा प्रश्न त्यांना पुरला.

सहकारी संस्था कायद्यात एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, कमिटीची मर्जी चालत नाही. रविवारी सकाळी सह्या गोळा करा, माणसं घरी सापडतात. भाडेकरूंना मत नाही, म्हणून त्यांनी वेगळं पत्र दिलं. आणि एक आग्रह मी धरला, तो तुम्हीही धरा: ज्यांना मत नाही पण ज्यांचा चेहरा रोज वाचला जातो, त्यांना सभेत बोलू द्या. दोन मावशी उभ्या राहिल्या. पगार कापल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्यावर हॉलमधला सूर बदलला.

कायद्याबद्दल नेमकं बोला, नाहीतर विक्रेता तुम्हाला अडवतो. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी दिलेली असावी आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असावं. मुलांसाठी पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण यातली मुख्य कलमं लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. आमचा विक्रेता याच मुदतीकडे बोट दाखवत होता. आम्ही म्हटलं, मग तोवर चेहरे गोळा करायची एवढी घाई का?

ठराव असा झाला: चेहरा वाचणाऱ्या स्क्रीन आणि जिन्यातले कॅमेरे बंद. गेटवरचे साधे कॅमेरे राहतील, रेकॉर्डर सोसायटी ऑफिसात कुलुपात, 15 दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसलं जाईल, आणि कोणी कधी काय पाहिलं याची वहीत नोंद. पोलिसांनी लेखी मागितलं तर चित्रण द्यायचंच. चेहऱ्यांचा साठा पुसल्याचं पत्र मात्र कंपनीने बऱ्याच तगाद्यानंतर पाठवलं आणि त्यात बॅकअपचा उल्लेख नाही. एवढ्यावरूनही तारे कापायला हवेत.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे. मुंबईत ते 26/11 नंतर आले, 2016 मध्ये सुमारे 4,700 कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. त्या रात्री या शहराने काय सोसलं हे मला माहीत आहे, म्हणून प्रत्येक खांब उपटा असं मी म्हणणार नाही. पण त्यावर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर चढवलं जात असेल तर कोणत्या नियमाखाली, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. हैदराबादमध्ये 2021 च्या लॉकडाउनमध्ये पोलिसांनी रस्त्यात थांबवून, मास्क काढायला लावून फोटो घेतला, म्हणून तिथले सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद तेलंगणा उच्च न्यायालयात गेले. सॅन फ्रान्सिस्कोत मे 2019 मध्ये नगरप्रतिनिधींनीच शहराच्या खात्यांना हे तंत्र वापरायला बंदी केली. आपल्या नगरसेवकाला हे उदाहरण जरूर दाखवा.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे ‘का’ विचारण्यात शब्द घालवू नका. कॅमेरे कुठे आहेत असं विचारलं तर सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील. खरेदीचा आदेश, चित्रण साठवण्याची मुदत, ते कोणाला दाखवायचं याची कार्यपद्धती, अशा कागदांच्या प्रती मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. आमच्या चौकातल्या कॅमेऱ्यांबद्दल आलेल्या उत्तरात साठवण्याची मुदतच नव्हती, म्हणून आम्ही अपील केलं आहे. सुनावणीला शेजारच्या दोन सोसायट्यांचे सेक्रेटरीही येणार आहेत.