अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी गादी आणि उशी: ठाणे-नवी मुंबईत जे मिळतं त्याबद्दल

पक्षाघात झालेलं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घरी आलं की त्याच संध्याकाळी कुणीतरी मेडिकलमधून तीन वस्तू घेऊन येतं: फुग्यांचा एअर बेड, मधोमध भोक असलेली गोल हवेची उशी आणि रबरी मॅकिन्टॉश. नौपाड्यात जा, कळवा नाक्यावर जा, वाशी-नेरूळला जा, यादी हीच. पहिली वस्तू नीट लावली तर उपयोगी आहे. दुसरी घेऊच नये. तिसरी लागते तेवढीच, लागते तिथेच. फोमवाल्याकडे मापाने कापून मिळणारी गादी मात्र या यादीत कधीच नसते, आणि बऱ्याच घरांत खरी गरज तिचीच असते.

पाठीवर झोपलेल्या माणसाचा भार माकडहाडाच्या वरचा सपाट भाग, टाचा, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग अशा मोजक्या जागांवर येतो. तिथे दाब कायम राहिला की जखम होते, तिलाच शय्याव्रण म्हणतात. अंग गादीत थोडं रुतलं आणि गादीने ते बाजूंनी धरलं, की तोच भार पसरतो. पण रुतता रुतता हाड खालच्या प्लायवूडला टेकलं तर वरची गादी असून नसल्यासारखी. याला तळ लागणं म्हणू. तो लागलाय का हे बघायला यंत्र लागत नाही. माणूस झोपलेला असताना एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात वर करून हात सरकवा आणि माकडहाडाखाली न्या. हाताच्या वर किमान एक इंच न दबलेला थर जाणवला पाहिजे. हाड थेट हाताला लागलं तर तळ लागलाय. डोक्याकडची बाजू जेवणासाठी उचलता तेव्हा भार खाली सरकतो, म्हणून ही तपासणी त्या स्थितीतही करा.

आता फुग्यांचा एअर बेड. साधारण २,००० ते ४,००० रुपयांत मिळणारी ही पीव्हीसीची चादर. फुगे दोन गटांत असतात, एक गट फुगतो तेव्हा दुसरा बसतो, आणि बहुतेक पंपांमध्ये हे चक्र १० मिनिटांच्या आसपास असतं. एकाच जागेवर दाब कायम राहू नये हा हेतू. ही चादर जाडीला कमी असते, म्हणून ती गादीवर अंथरायची असते. नुसत्या बॉक्स बेडच्या फळीवर टाकली तर तळ लागणारच. वजन ७०-७५ किलोच्या पुढे असेल किंवा जखम आधीच झाली असेल तर फुग्यांऐवजी आडव्या नळ्यांचा, चार-पाच इंच उंचीचा बेड घ्या. महाग पडतो, पण त्याच्या उंचीला खरोखर काम करायला जागा असते.

लावताना फुग्यांची बाजू वर, नळ्यांचं टोक पायाशी. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या पट्ट्या खालच्या गादीखाली खोचा, नाहीतर दोन दिवसांत अख्खी चादर पायाकडे सरकते. माणूस झोपवण्याआधी अर्धा तास पंप चालू ठेवा. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे ठेवायचं असतं. ‘जास्त हवा म्हणजे जास्त आराम’ समजून ते शेवटपर्यंत फिरवलं की फुगे दगडासारखे होतात आणि अंग त्यांच्या टोकांवर तरंगतं. मधे ठेवून हाताची तपासणी करा, माकडहाडाखालचे फुगे बसलेले असतानाही करा, मग थोडं वर-खाली करा. बॉक्स बेडला पायाशी कठडा नसतो, त्यामुळे पंप अडकवायला जागाच नसते. तो जमिनीवर ठेवायचा तर खाली जाड पायपुसणं घाला (नुसत्या टाइल्सवर रात्रभर घरघरतो) आणि नळ्या पलंग व भिंत यांच्यात चेंगरत नाहीत ना ते बघा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वर जे अंथरलं जातं त्याने. मायेपोटी आजीला टोचू नये म्हणून बेडवर गोधडी, तिच्यावर मॅकिन्टॉश, तिच्यावर चादर, वर अंडरपॅड. इतक्या थरांमधून फुग्यांची हालचाल अंगापर्यंत पोचतच नाही. एक पातळ सुती चादर, ती पण सैल. ताणून खोचली की तिची झोळी होते, आणि झोळी भार पसरू देत नाही. लघवीसाठी एकच अंडरपॅड, कमरेखाली. मॅकिन्टॉश घालायचाच असेल तर एअर बेडच्या खाली, मूळ गादी वाचवण्यापुरता.

बिघाड ओळखणंही सोपं आहे. सगळे फुगे ढिले असतील तर गळती आहे: साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे बेडबरोबर आलेला पॅच. बांगड्या आणि सेफ्टी पिना हे मुख्य गुन्हेगार. फुग्यांचा एकच गट कायम बसलेला असेल तर पंपाजवळच्या दोन नळ्यांची अदलाबदल करा. बसलेला गट बदलला तर दोष पंपात, बहुधा आतलं रबरी डायफ्रॅम फाटलेलं. तोच गट बसलेला राहिला तर दोष नळीत किंवा चादरीत. हे एवढं दुकानात सांगता आलं तर ‘पूर्ण नवीन घ्या’ हे उत्तर ऐकावं लागत नाही. वीज गेली की हवा हळूहळू बसते. पंपाला वीज फारच थोडी लागते, साधारण १० वॅटच्या आसपास, तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर पंप त्याच्याच सॉकेटला जोडा. डोंबिवली-कळव्यापासून घणसोलीपर्यंत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून खालची गादी चांगली असणं महत्त्वाचं.

एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं बंद करायचं नाही. ब्यूरोतून आलेल्या मावशींना हे पहिल्या दिवशीच सांगा. ३० अंशांत, अर्धवट कुशीवर, पाठीमागे उशी लावून. पूर्ण ९० अंशांत वळवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. डोक्याकडची बाजूही ३० अंशांपेक्षा जास्त उचलून फार वेळ नको, अंग खाली घसरतं आणि माकडहाडावरची कातडी एकीकडे आणि हाड दुसरीकडे ओढलं जातं. ती आतली ओढ दाबाइतकीच घातक. टाचांना तर कुठलाच फुगा पुरत नाही, त्यांचा आकारच तेवढा लहान. पोटरीखाली उशी लांबीत ठेवा, गुडघा किंचित वाकलेला, टाच पूर्ण अधांतरी. माहितीपत्रकांवर ‘३२ मिलिमीटरपेक्षा (पाऱ्याच्या) कमी दाब’ अशी जाहिरात दिसते. तो आकडा १९३० साली लँडिस यांनी नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत मोजला होता. माकडहाडावरच्या कातडीला तीच रेषा लागू पडते असं नाही, तेव्हा त्या आकड्यावर गादी निवडू नका.

गोल उशीबद्दल स्पष्टच लिहितो. भोकाच्या कडेवर भार येतो, तिथली रक्तवाट दाबली जाते आणि मधल्या भागाला सूज येते. शय्याव्रणांबद्दलच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अशी कडी वापरू नका असं थेट म्हटलं आहे. तरी ती प्रत्येक मेडिकलच्या दारात टांगलेली असते. दुकानदाराने आग्रह केला तरी नको म्हणा.

जे स्वतः कूस बदलू शकतात, निदान आधाराने, त्यांना एअर बेडपेक्षा चांगली फोमची गादी जास्त मानवते. हलत्या फुग्यांवर हाताने रेटा द्यायला घट्ट जागा मिळत नाही, आणि स्वतःहून वळण्याची जी ताकद उरलेली असते तीही वापरात राहत नाही. इथे फोमवाला उपयोगी पडतो, पण त्याला काय सांगायचं ते माहीत हवं.

दुकानात सगळं बोलणं ‘डेन्सिटी’त चालतं: २८, ३२, ४०. हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. तो टिकाऊपणा सांगतो, कडकपणा नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही असतो आणि कडकही, म्हणून हाताने दाबून वेगळं सांगावं लागतं. वजनावरून खरं-खोटं कळतं. ७२ बाय ३६ इंच, ४ इंच जाड फोम ४० डेन्सिटीचा असेल तर ६.८ किलो भरला पाहिजे, ३२ चा असेल तर ५.४ किलो. पाच किलोच्या आतबाहेर भरला आणि बिलावर ४० लिहिलं असेल तर परत द्या. काही फोममध्ये वजनासाठी खडूसारखी भुकटी मिसळलेली असते. एका कोपऱ्याचा तुकडा तोडून बोटांत चोळा. भुगा निघाला, किंवा मुठीत दाबून सोडल्यावर झटकन मूळ आकारात आला नाही, तर तो नको.

५५ ते ६५ किलोच्या माणसासाठी आमची पसंती अशी: खाली ३ इंच कडक, ४० डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाब काढताच उसळून वर येणारा) फोम, वर २ इंच मऊ एचआर, ४० किंवा त्याहून जास्त. दोन थर चिकटवताना गोंद फक्त कडेने. पूर्ण पृष्ठभागावर फासला तर वाळल्यावर त्याचा पापुद्रा मधेच एक कडक थर होऊन बसतो. खोळ वर ताणली जाणाऱ्या निटेड कापडाची, तीन बाजूंनी चेन. आतून पातळ पॉलियुरेथेनचा थर असलेलं कापड मिळालं तर उत्तम: पाणी आत जात नाही, घामाची वाफ बाहेर जाते. रेक्झिनची खोळ स्वस्त आणि पुसायला सोपी, पण ती ताणली जात नाही, पाठ ओली राहते, आणि हवा बाहेर पडायला वाट नसल्याने फोम फुगलेल्या पोत्यासारखा वागतो. रेक्झिनच हवं असेल तर बाजूच्या पट्टीवर तीन-चार आयलेट (कडीची छोटी भोकं) मारून घ्या.

‘ऑर्थोपेडिक’ या शब्दाला भुलू नका. त्या नावाने बहुधा रिबॉन्डेड फोम विकतात: तुकडे चिकटवून दाबलेला, वजनदार, फळीसारखा. तळाच्या थराला चालेल, अंगाखाली थेट नको. (रिक्षातून नेण्यासाठी तो दुमडलात तर घडीवर चिरतो, हेही लक्षात ठेवा.) कंबरदुखीसाठी कडक गादी हवी ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्पेनमधल्या अभ्यासात ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांना कडक आणि मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं.

मेमरी फोम १९६६ साली नासाच्या एम्स केंद्रातल्या कामातून आला आणि तो अंगाला छान धरतो, यात वाद नाही. पण तो उष्णतेने मऊ होतो. एसी लावलेल्या खोलीत कडक वाटणारी गादी मे महिन्यात पंख्याखाली खोल रुतते, घाम येतो, वळणं जड जातं. वरचा दोन इंचांचा थर म्हणून ठीक, सहा इंच नको. अंड्यांच्या ट्रेसारखा खवल्यांचा पातळ फोम फक्त बरा वाटतो, दाबाचं काम करत नाही. पाण्याची गादी अवजड आणि गार, घरात निभावणं कठीण.

कापसाची गादी उन्हात टाकायची आपली सवय फोमला लावू नका. उन्हाने पॉलियुरेथेनचा फोम पिवळा पडतो आणि भुसभुशीत होतो. पावसाळ्यात बॉक्स बेडच्या प्लायवूडवर खालून बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंख्याखाली ठेवा.

व्हीलचेअरची उशी हे वेगळं प्रकरण, आणि इथे चुका जास्त महागात पडतात. घडीच्या व्हीलचेअरची बैठक म्हणजे कापडी झोळी. ती खाली लोंबते, मांड्या आत वळतात आणि भार बसण्याच्या दोन हाडांवर गोळा होतो. म्हणून आधी ६ मिलिमीटर प्लायवूडचा, कडा गोल केलेला तुकडा, मग उशी. बहुतेक खुर्च्यांची बैठक १८ इंच म्हणतात, तरी टेप लावून मोजा. खाली २ इंच कडक फोम, वर २ इंच मऊ. खालच्या थरात मागच्या अर्ध्यात, दोन्ही हाडं सामावतील इतका रुंद, साधारण एक इंच खोल उथळ खड्डा, कडा उतरत्या. आरपार भोक कधीच नाही, नाहीतर ती गोल उशीच झाली. १८ बाय १८, ४ इंचाची उशी ४० डेन्सिटीत सुमारे ८५० ग्रॅम भरते. उशीने माणूस वर आलं की पायपट्टी तेवढीच वर घ्या, नाहीतर पाय लोंबतात आणि मांडीची पुढची कड दाबली जाते. फार वर घेतली तर गुडघे उचलले जातात आणि भार पुन्हा बसण्याच्या हाडांवर. हात टेकायचे दांडे वर होत नसतील तर चार इंचांहून जाड उशी करू नका, माणूस एका बाजूला कलतं.

मणक्याच्या इजेने कमरेखालची संवेदना गेली असेल तर घरगुती उशीवर विसंबू नका. हवेच्या स्वतंत्र कप्प्यांची उशी फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या, आणि हाडाखाली दीड ते अडीच सेंटिमीटर अंतर उरलंय का ते दर काही दिवसांनी हाताने बघा. उशी कुठलीही असो, दर १५ ते ३० मिनिटांनी दोन मिनिटं पुढे वाकणं हवंच. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत दिसणारी मागे खाच असलेली उशी माकडहाडाच्या दुखण्याला बरी, पण ती हलत्या-फिरत्या माणसासाठी आहे, शय्याव्रणाच्या धोक्यातल्या माणसासाठी नाही.

कातडी रोज दिवसाच्या उजेडात बघा. आपल्या सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही. बोटाने आजूबाजूशी तुलना करा: जास्त गरम, जास्त टणक किंवा फुगीर लागलं तर त्या जागेवरचा भार त्याच क्षणी काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

दोन-तीन महिन्यांपुरताच लागणार असेल तर एअर बेड भाड्याने घेणं परवडतं, ठाण्यात आणि नवी मुंबईत सोय आहे. ताब्यात घेण्याआधी दुकानातच पंप लावून २० मिनिटं चालवा, दोन्ही गट आळीपाळीने फुगतात का बघा, चादर पालथी करून पॅच मोजा आणि पंप बंद पडला तर बदली पंप किती तासांत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या.