ग्लायफोसेट ४१ टक्के: धुऱ्यावर चालेल, कलमांपासून लांब ठेवा

वरुडकडे आमची संत्र्याची बाग आहे. संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात. वखर खोल गेला की ती तुटतात आणि तिथून डिंक्या रोगाला वाट मिळते. म्हणजे वखर जपून घालायचा. निंदायला बाया बोलवाव्यात, तर मृगाच्या पावसानंतर साऱ्या गावाला त्या एकाच आठवड्यात पाहिजे असतात. मग माणूस कृषी केंद्रात जातो आणि दुकानदार काही विचारायच्या आत ४१ टक्के एस.एल.ची (पाण्यात मिसळणाऱ्या द्रव औषधाची) बाटली काउंटरवर ठेवतो. मी घेतली तेव्हा लिटरला साडेचारशेच्या आसपास पडली. कंपन्या ढीगभर आहेत, आतला माल एकच, ग्लायफोसेट हे तणनाशक. म्हणून इथे ब्रँडचं नाव घेत नाही, मालाबद्दलच लिहिते.

आधी गुण. हरळी, कुंदा, गाजर गवत यांना हे मुळासकट घेऊन जातं. पानातून आत शिरतं, खाली मुळापर्यंत उतरतं आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होणंच बंद पाडतं. त्यामुळे याला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन पाहाल तर गवत जसंच्या तसं हिरवं. आठवड्याने पिवळं पडायला लागतं, हरळी पुरती वाळायला दोन-तीन आठवडे जातात. एवढा धीर नसलेले लोक पॅराक्वाट मारतात. त्याने गवत एक-दोन दिवसांत करपतं, पण हरळी खालून पुन्हा फुटते. शिवाय पॅराक्वाटचा घोटभर पोटात गेला तरी फुप्फुसं निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. ते मी घरात येऊ देत नाही, विषय संपला.

केना या तणाचं मात्र वेगळं आहे. केना याला फारशी दाद देत नाही. वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारलं की बाकीचं गवत मरतं आणि मोकळ्या जागेत केना पसरतो. आमच्या खालच्या तुकड्यात आता केनाच केना आहे. तिथे हाताने उपटण्याला पर्याय नाही, आणि दुकानदार हे कधी सांगणार नाही.

पाण्याचं सांगते, कारण निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. नाल्याचं गढूळ पाणी पंपात भरलं की औषध तिथेच अर्धं वाया गेलं. बोअरचं जड पाणीही त्याचा जोर कमी करतं, म्हणून आम्ही आधी पाण्यात अमोनियम सल्फेट विरघळवतो आणि मग १५ लिटरच्या पंपाला १०० मिली औषध घालतो. कोणी युरिया घालतं, कोणी चक्क मीठ घालतं. मीठ तर मी शेतात जाऊच देणार नाही. मारल्यावर सहा तास तरी पाऊस नको. आणि मातीला चिकटून बसत असल्यामुळे नंतर उगवणाऱ्या बियांवर याचा काही परिणाम होत नाही. दोन महिन्यांनी धुरा पुन्हा हिरवा दिसला तर औषध बोगस निघालं असं समजू नका.

आता कलमांचं. लहान कलमाचं खोड हिरवं असतं, त्यातूनही हे आत जातं. वाऱ्याने उडून पालवीवर पडलं की नवी पानं अरुंद, पट्टीसारखी येतात आणि झाड वर्षभर रखडतं. नोझलला प्लास्टिकचं हूड लावा, पंप जमिनीलगत चालवा, वारा सुटायच्या आत सकाळी काम उरका. लहान कलमांच्या आळ्यात तर नकोच, तिथे विळा चालवा.

बाटलीसोबत घडी घातलेला कागद येतो. भिंग घेऊन का होईना, तो वाचा. आपल्याकडे या औषधाला मान्यता आहे ती चहाच्या मळ्यासाठी आणि बिनपिकाच्या जागेसाठी. वरुडात चहा कुठे आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं. दुकानात मला याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. उलट खरिपात याचा खप वाढतो, कारण मान्यता नसलेली एचटीबीटी कपाशी (तणनाशक मारलं तरी न मरणारं वाण) चोरून पेरली जाते आणि तिच्यावर हेच मारतात. २०१९ च्या जूनमध्ये अकोटजवळच्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून आंदोलनही केलं होतं. निंदणाच्या मजुरीचा हिशेब ज्याने मांडलाय त्याला त्यांचा राग कळतो.

"माणसाला काही होत नाही," हे दुकानदाराचं ठरलेलं वाक्य. वनस्पतीतलं जे विकर हे औषध बंद पाडतं ते आपल्या शरीरात नसतं, एवढं खरं. पण बाटलीत पानावर औषध पसरवणारं रसायनही असतं. त्यातलं पीओईए नावाचं एक इतकं त्रासदायक की युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या औषधांत ते घालायला बंदी केली. कॅन्सरबद्दल बोलायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणं याच्या उलट. युरोपने २०२३ मध्ये आणखी १० वर्षांची परवानगी दिली, तर अमेरिकेत राउंडअप या ग्लायफोसेटच्या ब्रँडवरच्या खटल्यांसाठी बायर कंपनीने २०२० मध्ये १० अब्ज डॉलरच्या आसपास मोजायची तयारी दाखवली.

हा वाद वाचताना मला आमच्याकडे फवारणीला येणारा दादा दिसतो. मी वर्षातून थोडाच वेळ धुऱ्यावर उभी असते, तेही लांब. तो सगळा हंगाम गावभरच्या शेतांत पंप पाठीवर घेऊन फिरतो. पंप गळतो, पाठ ओली होते, हाफ पँट, पायात स्लीपर, आणि त्याच हाताने तंबाखू मळतो. धोका असलाच तर तो त्याच्या वाट्याला जास्त, आणि बाटली विकत घेणारी मी. म्हणून औषधाच्या बिलातच रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट धरते. "वहिनी, उकडतं," म्हणून तो कुरकुरतो. त्यावर उपाय एकच सापडला: नऊच्या आत काम बंद, रोजी पूर्ण.

उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, मूळ बाटली घेऊन थेट दवाखान्यात जा. यावर नेमका उतारा नाही, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. पंप विहिरीच्या काठावर धुवायचा नाही.

गाजर गवत आणि हरळीसाठी पाचपैकी चार तारे, केन्यासाठी एक, दुकानातल्या सल्ल्याला शून्य. घ्यायचंच असेल तर पक्कं बिल मागा आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्या.