पाव इंचाचा हिशेब: रोटरी कटर, मॅट आणि पट्टी दहा महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीनंतर मी ४५ मिलिमीटर व्यासाच्या गोल, फिरत्या पात्याचा रोटरी कटर, १८ बाय २४ इंचांची कटिंग मॅट आणि ६ बाय २४ इंचांची अ‍ॅक्रिलिकची पट्टी असा संच घेतला. गेल्या दहा महिन्यांत त्यावर ‘सॉटूथ स्टार’ नावाच्या, अमेरिकी क्विल्टमधल्या अगदी साध्या चांदणीचे तीस चौकोन कापून शिवले. असा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली प्रथम काढला. माझा दुसऱ्या, स्वस्त कंपनीचा आहे.

आमच्या घरी गोधडी शिवतात त्या सासूबाई. जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे कात्रीने, नजरेच्या अंदाजाने कापले जातात आणि सगळे थर धावदोऱ्याने एकत्र बांधले जातात, त्यामुळे एखादा तुकडा अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी गोधडीचे काही बिघडत नाही. चांदणीचे तसे नाही. आठ इंचांच्या एका चांदणीला मधला साडेचार इंचांचा एक चौकोन, कोपऱ्यांसाठी अडीच इंचांचे चार, पार्श्वभूमीच्या कापडाचा सव्वापाच इंचांचा एक आणि चांदणीच्या रंगाचे पावणेतीन इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापाचे चार, असे दहा तुकडे लागतात. ते एक सूत कात्रीने साधणे मला कधी जमले नव्हते. पट्टीखाली कापडाचे चार थर ठेवून पाते एकदा फिरवले की चारही तुकडे एकसारखे निघतात, आणि या कामात संचाला मी पूर्ण गुण देते.

तरीही पहिली चांदणी फसली. कडेच्या शिवणीचे कापड धरून साडेआठ इंच भरायला हवा होता तो चौकोन सव्वाआठ भरला आणि वरची दोन टोके शिवणीत गडप झाली. सासूबाईंनी तो हातात घेऊन विचारले, “ही चांदणी आहे की फूल?” दोष कटरचा नव्हता. माझी शिवण पाव इंचापेक्षा अर्धे सूत जास्त जात होती; एका शिवणीत दोन्ही बाजूंचे कापड जाते आणि आडव्या ओळीत अशा दोन शिवणी येतात, म्हणून तेवढ्याशा चुकीचा पाव इंच झाला. मग मी दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून पाहिल्या. मधली बरोबर एक इंच उरेपर्यंत सुईपासूनचे अंतर बदलत राहिले, आणि त्या जागी मशीनच्या पत्र्यावर औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीचे पाच-सहा थर एकावर एक लावून कापडाला टेकण्यापुरता काठ तयार केला. हे आधी केले असते तर चार चौकोन उसवावे लागले नसते.

चांदणीच्या टोकांचे तुकडे, प्रत्येकात दोन टोके, मी एका वेळी चार करते. सव्वापाच इंचांच्या चौकोनावर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान चौकोन सुलटी बाजू आत ठेवून मांडायचे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवायचे आणि रेघेवर कापायचे. इस्त्रीनंतर बदामाच्या आकाराचे दोन तुकडे मिळतात. प्रत्येकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर एकेक लहान चौकोन ठेवून तेच पुन्हा केले की टोकांचे चार तुकडे तयार. इथे कापड उरेब, म्हणजे तिरके कापलेले असते, म्हणून इस्त्री घासायची नाही, नुसती दाबायची. टोकाजवळ उलट्या बाजूने दोन शिवणी एकमेकींना छेदतात. पुढची शिवण त्या छेदाच्या टाक्यावरून नेली की टोक शाबूत राहते.

आता तक्रारी. पाते एकदा टाचणीवरून गेले आणि त्याला बारीक दाता पडला. त्यानंतर दर साडेपाच इंचांवर एक धागा न कापता राहू लागला, कारण ४५ मिलिमीटरच्या पात्याचा एक फेरा जवळजवळ तेवढाच भरतो. मॅटवर छापलेल्या चौकड्या पट्टीशी जुळत नाहीत. वीस इंचांत एक सुताचा फरक पडतो, तेव्हा माप मी फक्त पट्टीवरच घेते. पट्टी गुळगुळीत कापडावर सरकते, त्यावर खालून पॉलिश पेपरचे चार ठिपके चिकटवणे हा उपाय पुरला. खणाच्या तुकड्यांना मात्र आधी कांजी द्यावी लागली, नाहीतर काठाशी धागे सुटतात.

मॅटचे नुकसान माझ्याच हातून झाले. एप्रिलमध्ये ती गच्चीच्या दाराशी उभी करून ठेवली, दुपारच्या उन्हाने ती लाटेसारखी वाकली आणि पाटावर वजने ठेवूनही पूर्ण सपाट झाली नाही. आता तिच्या डाव्या कडेला कापत नाही. बोट कापल्याचा प्रसंगही एकदाच आला, कटर खाली ठेवताना पात्याचे झाकण ओढायला विसरले तेव्हा.

ज्यांना गोधडीच शिवायची आहे त्यांनी हा खर्च करू नये. चांदण्या शिवायच्या असतील तर तिन्ही वस्तू एकदम घ्याव्यात, आणि दोन जादा पाती लगेच आणून ठेवावीत. सासूबाई अजून कात्रीच वापरतात, पण गोधडीच्या कडेची पट्टी सरळ कापायची असली की कटर मागून घेतात.