वर्षभर वापरलेला टायटॅनियमचा ड्रायव्हर: गुण आणि एक कुरकुर

गेल्या जूनमध्ये नव्याच्या निम्म्या किमतीत घेतलेला गोल्फचा एक वापरलेला ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटके मारायची काठी, आता वर्षभर हाताळून झाला आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण त्याचे गुणदोष या पिढीतील बहुतेक ड्रायव्हरांना लागू पडतात. तुलनेसाठी मडगावच्या घरी मामांचा जुना ड्रायव्हर होताच. बोटीवर असताना मामांनी तो विलायतेतील एका बंदरात घेतला होता. त्याचे डोके पर्सिमनचे, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या नात्यातील लाकडाचे आहे. त्याच्या तळाला पितळी पट्टी आणि मानेवर गुंडाळलेला काळा दोरा आहे, जो दर पावसाळ्यात सैल पडे आणि चतुर्थीपूर्वी मामा तो पुन्हा आवळून त्यावर वार्निश लावत.

दोन्ही डोक्यांचे वजन सुमारे २०० ग्रॅम आहे. आकार पाहिला तर मात्र मोसंब्याशेजारी पपनस ठेवल्यासारखे वाटते. भरीव लाकडात वजन मध्याभोवती साचून राहते. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने पोकळ पोलादी डोके आणले, १९९१ मध्ये कॅलवे कंपनीच्या ‘बिग बर्था’ ड्रायव्हरने ते फुगवले आणि पुढे पोलादाहून बरेच हलके टायटॅनियम आल्यावर वाचलेले वजन कारागिरांना मागे आणि कडेला नेता आले. त्याचा उपयोग काय, हे पाहण्यासाठी मी फेसवर, म्हणजे डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, टाल्कम पावडर भुरभुरून वीस फटके मारले. मधोमध ठसे जेमतेम सात उमटले, बाकीचे बहुतेक टोकाकडे होते. मामांच्या ड्रायव्हरला चेंडू असा टोकाकडे लागला की डोके मुठीत फिरते, मनगटाला झिणझिण्या येतात आणि चेंडू सरळ माडांत जातो. टायटॅनियमवाल्याचे डोके तेवढे फिरत नाही, त्यामुळे काणकोणला राजबागच्या नऊ होलच्या मैदानावर माझे चेंडू हरवणे निश्चितच कमी झाले आहे.

अंतराच्या जाहिरातींना मात्र भुलू नये. डोक्याचा आकार ४६० घन सेंटिमीटरपर्यंत आणि फेसच्या उसळीचा गुणांक ०.८३० पर्यंत, असे नियमांनी बांधून ठेवले असल्यामुळे मधोमध बसलेल्या फटक्याला गेल्या कित्येक वर्षांतील चांगले ड्रायव्हर जवळपास सारखेच अंतर देतात. नव्याचे पैसे मोजायचे ते चुकलेल्या फटक्यासाठी.

लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, बदलण्याची सोय मला सर्वांत आवडली. शाफ्टच्या (दांड्याच्या) जोडाचा स्क्रू सोडवून स्लीव्ह, म्हणजे जोडावरची नळी, फिरवली, की साडेदहा अंशांचे बारा करता येतात. त्याबरोबर फेसही किंचित डावीकडे मिटतो, जे माझ्यासारख्या स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, मारणाऱ्या उजव्या माणसाला सोयीचेच आहे. फटक्याचा आवाज मात्र पत्र्याच्या डब्यावर काठी आपटल्यासारखा येतो. ‘अरे, हा काय डबा आणलास?’ हा मामांचा शेरा मला मान्य आहे.

माझी कुरकुर ग्रिपबद्दल आहे. मूळची गुळगुळीत रबरी ग्रिप आपल्याकडील घामट हवेत हातातून निसटू लागली, म्हणून दोन महिन्यांतच सुती धाग्याची खरखरीत ग्रिप बसवून घेतली. पावसाळा संपता संपता स्लीव्हचा स्क्रूही खाऱ्या हवेने धरला आणि तो सोडवताना पाना दोनदा घसरला. यंदा मे अखेरीस स्क्रू काढून, पुसून, थेंबभर तेल लावून ठेवला. ही खबरदारी विकणाऱ्याने सांगितली नव्हती.