ऑपरेशन तिचं की आपलं?

दोन मुलं पुरेत हे नवरा-बायकोचं ठरलं, की ऑपरेशन कुणी करून घ्यायचं हा प्रश्न येतो. मी तीन वर्षांपूर्वी नसबंदी करून घेतली, त्यामुळं माझा कल कुठं असेल ते वेगळं सांगायला नको.

सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट. वर केंद्राच्या 2007 च्या दरांनुसार महाराष्ट्रात पुरुषाला 1100 रुपये भरपाई, बाईला दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर 600, नाहीतर 250. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदी 0.3!

माझं ठरलं ते पाण्यावरून. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. वहिनीचं टाक्यांचं ऑपरेशन झालं, दोन आठवडे जड उचलू नका म्हणून सांगितलेलं. पाचव्या दिवशी रात्री दीडला पाणी आलं. दादा रात्रपाळीला, मी परगावी. तिनं एका हातानं पोट दाबून धरत घागरी वाहिल्या, पिंप भरलं. सकाळी पट्टीवर रक्ताचा डाग. आई म्हणाली, "बायांना सवय असते." ते वाक्य मला अजून टोचतं.

माझ्या वेळी भूल जागेपुरतीच दिली. टाका नाही, दुपारी घरी. दोन दिवस पडून राहिलो, तिसऱ्या दिवशी दुकानात गल्ल्यावर बसलो. केसपेपरच्या खिडकीवर मात्र "पेशंट बाई कुठंय?" असं विचारलं होतं. पेशंट मीच म्हटल्यावर मागची रांग गप्प झाली. लाज वाटली, पण दहा मिनिटांपुरती.

एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. बाईचं ऑपरेशन लगेच लागू पडतं, आपलं नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. हे राहिलं आणि दिवस गेले, तर संशय बिचाऱ्या बायकोवर जातो. तपासणी चुकवू नका, हात जोडून सांगतो.

सिझेरियन होणारच असेल तर त्याच वेळी तिचं उरकणं सोयीचं, हे मान्य. आणि अजून मूल हवंसं वाटेल अशी शंका असेल तर दोन्ही नकोत. तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. एरवी, माझ्या मते, आपणच जावं. तारीख घेताना पाण्याचा दिवस तेवढा बघा. आठवडाभर घागर तुम्हालाही उचलता येणार नाही.